होस्टिंग व्यवसायासाठी जाहिरातखर्चाचा अंदाज: एका ग्राहकामागे किती खर्च परवडतो?

नवखा_होस्ट यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघे भागीदार मिळून शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आणि लहान व्हीपीएस (सर्व्हरचा एका ग्राहकासाठी राखलेला आभासी भाग) यांची सेवा सुरू करत आहोत. सर्व्हर भाड्याने घेतले आहेत, बिलिंगची व्यवस्था लागली आहे, कंट्रोल पॅनेलचा (साइट सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरचा) परवानाही घेतला आहे. आता ग्राहक मिळवण्यासाठी जाहिरातीवर किती रक्कम बाजूला काढावी हे ठरवायचे आहे, आणि तिथेच आमचे घोडे अडले आहे.

माझ्या वाचनात दोन प्रकारचे सल्ले आले. पहिला असा, की अपेक्षित उत्पन्नाच्या ठरावीक टक्के रक्कम जाहिरातीला द्यावी. पण ज्याचे उत्पन्नच अजून सुरू झालेले नाही त्याने टक्के कशाचे काढायचे, हे त्यात सांगितलेले नव्हते. दुसरा असा, की गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या साधनात शोधशब्दापुढे (कीवर्डपुढे) दिसणारी जाहिरातीच्या क्लिकची किंमत घ्यावी, शंभर क्लिकमागे किती जण खरेदी करतील याचा अंदाज धरावा आणि भागाकार करावा. तो भागाकार मी केला. चलनाचा घोळ नको म्हणून आमच्या शेअर्ड योजनेचे मासिक शुल्क 100 धरतो आणि बाकीचे सर्व आकडे त्याच मापात देतो. आम्ही निवडलेल्या सर्वसाधारण कीवर्डवर बोली 8 ते 20 अशी दिसते. शंभर क्लिकमागे 2 ग्राहक धरले तर एक ग्राहक 400 ते 1000 ला पडतो आणि 1 ग्राहक धरला तर त्याच्या दुप्पट. म्हणजे चार महिन्यांच्या शुल्कापासून वीस महिन्यांच्या शुल्कापर्यंत काहीही. अंदाजाची दोन टोके एकमेकांपासून इतकी लांब असतील तर त्यावरून बजेट कसे मांडायचे?

माझ्या भागीदाराचे म्हणणे असे, की पहिल्या महिन्याचे शुल्क 10 इतके नाममात्र ठेवावे, म्हणजे खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण आपोआप वाढेल आणि हे सारे गणित सुटेल. मला ते पटत नाही, परंतु का पटत नाही हे आकड्यांत सांगता येत नाही. जाणकारांनी हिशेबाची रीत सांगावी, ही विनंती.

हिशेबनीस यांचे उत्तर

आपण गणित बाजाराच्या टोकाकडून सुरू केले आहे, म्हणून ते इतके पसरले. आधी आपल्या वहीकडून सुरुवात करावी, म्हणजे ग्राहक कितीला पडेल हे बाजूला ठेवून कितीला पडलेला परवडेल हे काढावे. त्याला लागणारे बहुतेक आकडे आपल्या हातात असतात.

शुल्क 100 पैकी प्रत्येक ग्राहकागणिक जो खर्च वाढतो तेवढाच वजा करा. समजा सर्व्हरचा त्याच्या वाट्याला येणारा भाग 25, परवाना 10, पेमेंट गेटवेचे शुल्क 5 आणि सपोर्टचा वेळ 20, असे मिळून 60 गेले. मग दरमहा 40 उरतात. यातला परवान्याचा आकडा लोक हमखास विसरतात. सीपॅनेल या कंट्रोल पॅनेलच्या कंपनीने 2019 मध्ये परवान्याचा दर खात्यांच्या संख्येशी जोडला, तेव्हापासून ते पॅनेल वापरणाऱ्या अनेकांचा एकेकाळचा स्थिर खर्च ग्राहकागणिक चढणारा झाला. सपोर्टचा वेळही फुकट धरू नये. तुम्ही दोघे स्वतःच तिकिटांना उत्तरे देत असाल, तरी त्या वेळेला काहीतरी दर लावा, कारण ग्राहक वाढले की ते काम पगार देऊनच करून घ्यावे लागणार आहे.

आता ग्राहकगळती, म्हणजे दरमहा किती टक्के ग्राहक सोडून जातात ते प्रमाण. नव्या व्यवसायाकडे हा आकडा नसतो, म्हणून तीन शक्यता धरून पाहू. उरणाऱ्या रकमेला गळतीने भागले की ग्राहकाच्या संपूर्ण कालावधीत मिळणारी रक्कम येते. गळती 3 टक्के असेल तर 1333, 5 टक्के असेल तर 800 आणि 8 टक्के असेल तर 500. हा फरक मोठा आहे, आणि जे आकडे अद्याप हाती आलेले नाहीत त्यांच्या भरवशावर 1333 ची मर्यादा धरून जाहिरात करणे म्हणजे बाजारात तुरी म्हणावी तशी गत आहे. त्याऐवजी असा प्रश्न विचारा, की जाहिरातीचा खर्च 12 महिन्यांत भरून यायचा असेल तर मर्यादा किती? पहिल्या महिन्याचे 40 पूर्ण मिळतात आणि पुढच्या प्रत्येक महिन्यात गळतीनुसार कमी. बारा महिन्यांची बेरीज केली की 3 टक्के गळतीला 408, 5 टक्क्यांना 368 आणि 8 टक्क्यांना 316 येतात. म्हणजे ज्या आकड्याबद्दल आपल्याला सर्वांत कमी खात्री आहे, त्याचा परिणाम बारा महिन्यांच्या मुदतीत बराच आटोक्यात राहतो. नव्या होस्टने मुदत ठरवून मर्यादा काढावी, असे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणासाठी.

मधला 368 चा आकडा घेऊ. त्यातून परताव्याची हमी वापरून जाणारे आणि खोट्या ऑर्डरी यांसाठी 15 टक्के वजा करा, म्हणजे एका ऑर्डरमागे सुमारे 313 परवडतात. शंभर क्लिकमागे 2 ऑर्डरी येत असतील तर एका क्लिकला 6.26 पेक्षा जास्त देता येत नाही. तुमच्या कीवर्डवर कमीत कमी 8 दिसतात; तेवढे द्यायचे तर शंभरामागे 2.56 ऑर्डरी हव्यात आणि 20 द्यायचे तर जवळजवळ 6.4. वरच्या टोकाचे कीवर्ड शेअर्ड योजनेसाठी यातच बाद होतात, त्यांवर चाचणीसाठीसुद्धा खर्च करण्याची गरज नाही. व्हीपीएसचे शुल्क चौपट असेल आणि उरणारी रक्कमही चौपट असेल, तर त्याच हिशेबाने ऑर्डरमागे सुमारे 1250 परवडतात. तिथे 1 टक्का प्रमाण असले तरी क्लिकला 12.5 देता येतात. म्हणून दोन्ही योजनांचे बजेट एकत्र मांडू नका.

भागीदारांच्या सूचनेबद्दल. पहिल्या महिन्याचे शुल्क 100 ऐवजी 10 ठेवले तर ते 90 जाहिरातीवरच खर्च झाले, फक्त जाहिरातीच्या खात्यात न दिसता. 368 ची मर्यादा 278 वर येते. म्हणजे ऑर्डरचे प्रमाण निदान एक तृतीयांशाने वाढले तरच बरोबरी होईल. शिवाय नाममात्र शुल्क पाहून आलेले ग्राहक पूर्ण शुल्काचे पहिले बिल आले की इतरांपेक्षा अधिक संख्येने जातात, तो तोटा वेगळाच. तुमचे न पटणे योग्य आहे.

शोधशब्द यांचे उत्तर

हिशेबनीस यांनी मर्यादेची बाजू मांडली आहे, मी बाजाराच्या बाजूबद्दल लिहितो.

कीवर्ड प्लॅनरमधला आकडा म्हणजे पानाच्या वरच्या भागात जागा मिळवण्यासाठी इतर जाहिरातदारांनी लावलेल्या बोलीचा पट्टा असतो, तुमच्या बिलाचा अंदाज नव्हे. 1998 मध्ये गोटू डॉट कॉम या शोधसंकेतस्थळाने शोधनिकालांतल्या जागा बोली लावून विकायला सुरुवात केली, तेव्हा जास्त बोली लावणारा वर दिसत असे. गूगलने 2000 मध्ये अ‍ॅडवर्ड्स (आजचे गूगल अ‍ॅड्स) सुरू केले आणि 2002 मध्ये क्लिकनुसार आकारणी आणताना बोलीबरोबर जाहिरातीवर क्लिक होण्याचे प्रमाणही क्रमासाठी धरले. आज गूगल अ‍ॅड्समध्ये 1 ते 10 असा गुणवत्ता गुणांक दिसतो. तो अपेक्षित क्लिकचे प्रमाण, जाहिरातीचा शोधाशी संबंध आणि लँडिंग पेजचा (क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा) अनुभव या तीन गोष्टींवरून ठरतो. गुणांक हा तुमच्यासाठी दाखवलेला निदानाचा आकडा आहे, तो जसाच्या तसा लिलावात वापरला जात नाही. परंतु त्यामागच्या याच गोष्टी प्रत्येक लिलावात मोजल्या जातात. त्यामुळे एकाच कीवर्डवर दोन होस्टना वेगवेगळी किंमत पडते. होस्टिंग विकणाऱ्याचेच पान सावकाश उघडत असेल तर त्याला क्लिक महाग पडतो आणि आलेला माणूसही परत जातो.

क्लिकच्या किमतीपेक्षा मोठा फरक क्लिक कोणाचा आहे यामुळे पडतो. पहिल्या आठवड्यानंतर शोधसंज्ञांचा अहवाल उघडा. ‘वेब होस्टिंग’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर (संबंधित वाटणाऱ्या कोणत्याही शोधावर जाहिरात दाखवणाऱ्या पर्यायावर) ठेवला असेल तर त्याखाली ‘मोफत होस्टिंग’, ‘वेबमेल लॉगिन’, ‘होस्टिंग म्हणजे काय’, कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या नावापुढे ‘पासवर्ड विसरलो’, ‘सर्व्हर अ‍ॅडमिन नोकरी’ अशा ओळी दिसतील आणि प्रत्येक ओळीसमोर तुमचे पैसे गेलेले असतील. हे सर्व शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या) यादीत पहिल्याच दिवशी टाकावेत. सुरुवातीला एक्झॅक्ट आणि फ्रेज मॅच या कीवर्डशी अधिक काटेकोर जुळणाऱ्या पर्यायांवरच राहावे. मोहीम तयार करताना इतर संकेतस्थळांवर जाहिरात दाखवणाऱ्या डिस्प्ले नेटवर्कची खूण आधीच लागलेली असते, ती काढावी. स्थानाच्या पर्यायात त्या भागात ‘असलेले किंवा त्यात रस असलेले’ असा मूळ पर्याय असतो, तो बदलून फक्त तिथे असलेल्यांपुरता करावा. दैनिक बजेटबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या: एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, मात्र महिन्याचा खर्च दैनिक बजेटच्या 30.4 पटींपलीकडे जात नाही. म्हणून एका दिवसाचा आकडा पाहून घाबरू नका आणि महिन्याचा हिशेब 30.4 ने करा.

आता चाचणीसाठी किती रक्कम ठेवावी, हा मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. शंभर क्लिक झाले आणि एकही ऑर्डर आली नाही, तर त्यावरून कीवर्ड निकामी आहे असे सिद्ध होत नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा आडाखा आहे: काहीच घडले नसेल तर 3 भागिले प्रयत्नांची संख्या एवढे खरे प्रमाण असण्याची शक्यता अजून शिल्लक असते, ही खात्री 95 टक्क्यांच्या पातळीची. शंभर क्लिकवर शून्य आले तर खरे प्रमाण 3 टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि तुमची गरज 2.56 टक्क्यांची आहे. दीडशे क्लिकवर शून्य आले तर ही वरची मर्यादा 2 टक्क्यांवर येते. तिथे तो कीवर्ड बंद करायला हरकत नाही. उलट बाजूही तितकीच फसवी आहे. 400 क्लिकवर 8 ऑर्डरी आल्या तर कागदावर प्रमाण 2 टक्के दिसते, परंतु आठच्या नमुन्यावरून खरे प्रमाण साधारण 1 ते 4 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. तेव्हा पहिल्या आठ ऑर्डरींवर पुढच्या सहा महिन्यांचे बजेट उभे करू नये.

व्यवहारात सांगायचे तर दोन किंवा तीनच कीवर्ड-गट निवडा, प्रत्येकाला 150 क्लिक मिळतील एवढी रक्कम ठेवा आणि शून्य किंवा अगदीच कमी ऑर्डरी आलेला गट तिथेच थांबवा. उरलेला गट 400 ते 500 क्लिकपर्यंत न्या. क्लिकला 8 पडत असतील तर तीन गटांच्या पहिल्या फेरीला 3600 आणि एका गटाच्या दुसऱ्या फेरीला साधारण 2000 ते 2800 लागतील. ही रक्कम ग्राहक मिळवण्याच्या खर्चात न धरता माहिती विकत घेण्याचा खर्च म्हणून वेगळी लिहावी. होस्टिंग घेणारा माणूस तुलना करून, बहुधा काही दिवसांनी परत येऊन खरेदी करतो. गूगल अ‍ॅड्समध्ये क्लिकनंतर 30 दिवसांपर्यंतची खरेदी त्या क्लिकच्या नावावर मांडणे ही मूळ मुदत आहे, त्यामुळे अगदी ताज्या दिवसांचे आकडे नेहमी कमी दिसतात.

रात्रपाळी_अ‍ॅडमिन यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. खोट्या ऑर्डरींबद्दल मात्र थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते, कारण 15 टक्के हा आकडा नव्या होस्टच्या बाबतीत सौम्य ठरू शकतो.

जाहिरात सुरू झाली की फिशिंगची पाने टाकणारे आणि स्पॅम पाठवणारेही तुम्हाला शोधतात. मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासात चार-पाच ऑर्डरी येतात, सर्वांत लहान योजनेच्या. कार्ड एका देशाचे, आयपी दुसऱ्या देशाचा, ईमेल तात्पुरता, आणि डोमेनचे नाव एखाद्या बँकेच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे केलेले. जाहिरातीच्या अहवालात मात्र त्या चार-पाच यशस्वी खरेदी म्हणून नोंदल्या जातात. पुढे कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, रक्कम परत जाते, वर चार्जबॅकचा दंड बसतो, आणि तोवर तुमचा आयपी स्पॅमच्या काळ्या यादीत गेलेला असेल तर इतर ग्राहकांचे मेल अडकून सपोर्टचा खर्च वाढतो. यातली सर्वांत घातक गोष्ट निराळीच आहे. तुम्ही स्वयंचलित बोली वापरत असाल, तर यंत्रणा या ऑर्डरींना यश समजून तसेच आणखी लोक शोधून आणते. म्हणून ऑर्डर आल्याबरोबर ती यश म्हणून नोंदवू नये. हाताने तपासून खाते सुरू केल्यावर नोंद पाठवावी, किंवा नंतर ती मागे घेण्याची सोय वापरावी.

दुसरा मुद्दा अ‍ॅफिलिएटचा. ग्राहक आणून देणाऱ्याला विक्रीमागे कमिशन देण्याची ही पद्धत होस्टिंगच्या धंद्यात फार रुळलेली आहे आणि नव्या होस्टला ती जवळची वाटते, कारण क्लिकचा धोका समोरच्यावर जातो आणि आपण फक्त झालेल्या विक्रीचे पैसे देतो. परंतु कमिशनही 313 च्या मर्यादेतच बसले पाहिजे. मोठ्या कंपन्या जे कमिशन देतात ते पाहून आपण ठरवू नये. त्यांना ग्राहक पुढे इतर सेवा विकून परवडतो. कमिशन परताव्याची मुदत आणि कार्डाच्या तक्रारीचा पहिला काळ उलटल्यावरच द्यावे आणि ही अट करारात स्पष्ट लिहावी. आपलेच नाव कीवर्ड म्हणून वापरून जाहिरात करण्यास अ‍ॅफिलिएटना मनाई असावी, अन्यथा तुमच्याकडे येणारच होता त्या ग्राहकाचे कमिशन तुम्ही भराल.

तिसरे माझे मत आहे, ते मत म्हणूनच घ्यावे. लहान होस्टने ‘वेब होस्टिंग’ या शब्दावर मुळात उतरूच नये. एखादे ठरावीक सॉफ्टवेअर चालवण्यासाठी लागणारे होस्टिंग, जुन्या पीएचपी आवृत्तीवर अडकलेली साइट हलवून देणे, एकाच प्रकारच्या ग्राहकांसाठी तयार केलेली योजना, अशा अरुंद शोधांवर क्लिक कमी मिळतात, पण येणारा माणूस नेमके काय हवे ते ठरवून आलेला असतो. त्यात साइट हलवून देण्याचे काम असेल तर त्याचे तास ग्राहक मिळवण्याच्या खर्चात धरा. एका स्थलांतराला तीन तास लागत असतील तर त्या तासांची किंमत क्लिकच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकते.

नवखा_होस्ट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीनही उत्तरांवरून मी मांडणी बदलली आहे. ऑर्डरमागची मर्यादा शेअर्डसाठी 313 ऐवजी 290 धरली आहे, कारण रात्रपाळी_अ‍ॅडमिन यांचे वाचून वजावट 15 वरून 21 टक्क्यांवर नेली. सर्वसाधारण कीवर्ड वगळून दोन अरुंद गट चाचणीसाठी निवडले आहेत आणि त्यांच्या चाचणीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आहे. तिचे काहीच निष्पन्न झाले नाही तरी धंदा थांबणार नाही, एवढीच ती आहे. पहिल्या महिन्याच्या नाममात्र शुल्काची कल्पना भागीदारांनी आकडे पाहून सोडून दिली, परंतु तिच्या जागी आता दुसरी आणली आहे: वर्षाचे शुल्क एकदम भरणाऱ्यास दोन महिने मोफत द्यावेत, म्हणजे जाहिरातीचा खर्च पहिल्याच दिवशी भरून निघेल. बारा महिन्यांचा हिशेब इथे कसा लावायचा?

हिशेबनीस

वार्षिक योजनेत ग्राहक 1200 ऐवजी 1000 देतो. ग्राहकागणिक खर्च दरमहा 60 प्रमाणे वर्षाला 720, म्हणजे उरले 280. मासिक योजनेत 5 टक्के गळती धरून याच बारा महिन्यांत 368 उरत होते. गळती 8 टक्के धरली तरी 316 उरतात. तेव्हा दोन महिन्यांची सवलत दिली तर हातात रोकड अधिक दिसते आणि शिल्लक प्रत्यक्षात कमी राहते. एकच महिना मोफत दिला तर 1100 वजा 720, म्हणजे 380 उरतात आणि ते मासिक योजनेच्या जवळपास येते. गेटवेचे शुल्क एकदाच लागल्याने थोडी भर पडते, ती या हिशेबात धरलेली नाही.

रोकड पहिल्या दिवशी येते हे खरे, पण त्या 1000 पैकी 720 पुढच्या बारा महिन्यांच्या सेवेचे आहेत. त्यातून जाहिरात केली, तर आठव्या-नवव्या महिन्यात सर्व्हरचे भाडे नव्या ग्राहकांच्या पैशांतून द्यावे लागेल आणि नोंदणी मंदावली की तेही जमणार नाही. सवलत दोन महिन्यांचीच ठेवायची असेल, तर त्या योजनेसाठी ऑर्डरमागची मर्यादा 280 च्या 79 टक्के, म्हणजे सुमारे 221 धरा, आणि मासिक व वार्षिक ऑर्डरींची किंमत जाहिरातीच्या खात्यात वेगवेगळी नोंदवा.